दातांवर दात : दंतसंबंधाच्या परिभाषेची चिकित्सा

एखाद्या शास्त्राची परिभाषा तपासण्याचा अधिकार केवळ त्या शास्त्राच्या जाणकारांनाच आहे, हे मत सर्वस्वी खरे नाही. संज्ञेने कोणती वस्तू दर्शवावयाची हे ठरविणे तज्ज्ञाचे काम होय. परंतु ती संज्ञा त्या वस्तूचा निर्देश निःसंदिग्धपणे करते किंवा नाही, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो. वरची व खालची दंतपंक्ती एकमेकींना कशा भेटतात हे सांगणारी दंतवैद्यकाची परिभाषा या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ध्वनिविज्ञानाशीही तिचा निकटचा संबंध आहे. वरचे दात व खालचा ओठ यांच्या योगाने उच्चारल्या जाणाऱ्या दंतोष्ठ्य ध्वनींचा विचार अलीकडे दातांच्या याच रचनेशी जोडला गेला असून, त्या विचाराची सारी भिस्त दंतवैद्यकाकडून उसन्या घेतलेल्या संज्ञांवर आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : या परिभाषेत तीन भिन्न गोष्टी एकत्र झाल्या आहेत. वरच्या व खालच्या दातांचा स्थानसंबंध ही एक, त्यांच्या प्रत्यक्ष स्पर्शाची घटना ही दुसरी आणि त्या संबंधाविषयीचा मूल्यनिर्णय ही तिसरी. इंग्रजीत हे मिश्रण रूढ होऊन गेले आहे. मराठी प्रतिशब्द घडविताना मात्र तो दोष शब्दाबरोबर आयात करण्याचे कारण नाही.

१. मिटणे आणि भेटणे

या परिभाषेतील मूळ शब्द ‘ऑक्लूजन’ हा होय. त्याच्या मुळाशी मिटणे, बंद करणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. हाच शब्द वैद्यकात रक्तवाहिनी तुंबण्यासाठी वापरतात आणि ध्वनिविज्ञानात मुखमार्ग क्षणभर पूर्णपणे रोधला जाण्यासाठी. आपल्या प्राचीन शिक्षाकारांनी ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या वर्णांना ‘स्पर्श’ म्हटले. पाश्चात्त्य ध्वनिविज्ञानाने त्याच जातीच्या ध्वनींना रोधावरून नाव दिले. एकाच घटनेची ही दोन वर्णने आहेत. एकात दोन अवयव भेटतात, दुसऱ्यात एक वाट मिटते.

दातांच्या बाबतीत मात्र मिटणे आणि भेटणे यांत फरक पडतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असतात, पण त्याचे दात एकमेकांना लागलेले नसतात. जबड्याच्या विश्रामावस्थेत वरच्या व खालच्या दातांमध्ये सामान्यतः २ ते ४ मिलिमीटर फट असते. दातांना दात लागतात ते चावताना व गिळताना. म्हणजे दिवसाच्या अगदी थोड्या भागात. तोंड मिटले म्हणजे दात भेटलेच असे नव्हे. म्हणून ‘ऑक्लूजन’ या शब्दाने स्पर्शाची घटना सांगावयाची, की जबडा मिटला असता दातांचा जो परस्परसंबंध दिसतो तो, हे प्रत्येक वेळी संदर्भावरून ताडावे लागते. पाठ्यपुस्तकांतून दोन्ही अर्थ नांदताना आढळतात.

२. ‘ओव्हर’, ‘अंडर’ आणि खोटे विरोधार्थी शब्द

इंग्रजीत नित्याच्या व्यवहारासाठी ‘बाइट’ हा घरगुती शब्द घेतला गेला व त्याला निरनिराळी विशेषणे जोडून एक मालिका तयार झाली : ओव्हरबाइट, डीप बाइट, ओपन बाइट, क्रॉसबाइट. या मालिकेचा एकसारखा बाह्य आकार फसवा आहे.

ओव्हरबाइट म्हणजे वरच्या पटाशीच्या दातांनी खालच्या पटाशीच्या दातांना उभ्या दिशेने किती झाकले आहे याचे माप. ओव्हरजेट म्हणजे वरच्या दातांच्या धारेपासून खालच्या दातांपर्यंतचे पुढे-मागे, म्हणजे आडव्या दिशेचे, अंतर. दोन्ही मापे साधारणतः २ ते ३ मिलिमीटर असणे स्वाभाविक समजतात. ही दोन मापे परस्परांहून स्वतंत्र आहेत. एखाद्याचे वरचे दात खालच्या दातांना जवळजवळ पूर्ण झाकतील, तरी पुढे आलेले नसतील. दुसऱ्याचे दात बरेच पुढे असतील, पण खालच्या दातांना ते झाकणारही नाहीत. असे असता सामान्य इंग्रजी बोलण्यात ‘ओव्हरबाइट’ हा शब्द बहुधा पुढे आलेल्या दातांसाठी, म्हणजे शास्त्रातील ओव्हरजेटसाठी, वापरला जातो. एकच शब्द वैद्याच्या तोंडी उभे माप सांगतो आणि रुग्णाच्या तोंडी आडवे.

याहून सूक्ष्म घोटाळा ‘अंडरबाइट’ या लोकव्यवहारातील शब्दाने केला आहे. ‘ओव्हर’ आणि ‘अंडर’ हे विरोधार्थी असल्याने ओव्हरबाइट व अंडरबाइट हेही एकमेकांचे उलट असावेत असा ग्रह होतो. वस्तुतः अंडरबाइट म्हणजे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे असणे. ती उलट्या ओव्हरजेटची स्थिती होय. ओव्हरबाइटची खरी उलट बाजू म्हणजे उभे आच्छादन शून्याखाली जाऊन मध्ये फट राहणे, आणि तिला नाव आहे ओपन बाइट. म्हणजे एका जोडीतला ‘वर’ उभ्या दिशेचा आहे आणि त्याच जोडीतला ‘खाली’ आडव्या दिशेचा. शब्दांनी सममिती दाखविली. वस्तूंमध्ये ती नाही. खुद्द ओपन बाइट ही संज्ञाही वदतोव्याघाताचा नमुना आहे. ज्या ठिकाणी दातांना चावता येत नाही, नेमक्या त्याच स्थितीला ‘बाइट’ म्हटले आहे.

३. एक कात्री, दोन अर्थ

मनुष्य आपल्या दातांना अवजारांची नावे फार पूर्वीपासून देत आला आहे. सुताराच्या पटाशीवरून आपण पुढच्या दातांना पटाशीचे दात म्हणतो. दंतपंक्तींच्या भेटीलाही अशीच नावे मिळाली. कवट्यांचा अभ्यास करणाऱ्या जुन्या युरोपीय नृशास्त्रज्ञांनी ग्रीक शब्दांवरून एक संच तयार केला होता. दातांची धार धारेला टेकते ती लाबिडोडोंटिया, म्हणजे चिमट्यासारखी ठेवण. वरचे दात खालच्या दातांवरून किंचित पुढे सरकतात ती सालिडोडोंटिया, म्हणजे कात्रीसारखी. आणि वरचे दात छपरासारखे पुढे झुकतात ती स्टेगोडोंटिया. या नावांचा एक गुण मान्य केला पाहिजे. त्यांत निंदा नाही. चिमटाही अवजार, कात्रीही अवजार. प्रत्येकाचे आपले काम.

पुढे कात्रीचे हेच रूपक दोन वेगळ्या वाटांनी गेले. नृशास्त्रात ती आजच्या माणसाच्या सर्वसाधारण ठेवणीची संज्ञा राहिली. कुत्र्यांच्या जातींची लक्षणे ठरविणाऱ्या नियमावल्यांतही अनेक जातींसाठी सीझर बाइट हीच इष्ट ठेवण मानली जाते. दंतनियमनशास्त्रात मात्र सीझर बाइट हे एका दोषाचे नाव आहे. वरच्या दाढा खालच्या दाढांच्या पूर्णपणे बाहेरच्या बाजूस उतरतात, चावण्याचे पृष्ठभाग एकमेकांना भेटतच नाहीत आणि कात्रीची पाती जशी परस्परांना चाटून जातात तशा त्या एकमेकींना चुकवून जातात, ती ही स्थिती. पहिल्या उपयोगात पुढच्या दातांची कापण्याची क्रिया डोळ्यांपुढे आहे. दुसऱ्यात मागच्या दाढांची चुकामूक. दोन्ही ठिकाणी रूपक यथार्थ आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. रूपकाचा कोणता अंश घ्यावयाचा हे रूपक स्वतः सांगत नाही.

४. वर्गांक आणि आदर्श

या क्षेत्रात सर्वाधिक प्रभाव पडला तो एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणाचा. वरची पहिली कायमची दाढ हा स्थिर बिंदू धरून खालची पहिली दाढ तिच्या संबंधात कोठे आहे हे त्याने पाहिले. खालची दाढ योग्य स्थानी असेल तर पहिला वर्ग, मागे असेल तर दुसरा, पुढे असेल तर तिसरा. विस्कळीत वर्णनांच्या जागी एका निश्चित खुणेवर आधारलेली पद्धत आली, हा मोठाच लाभ होता. आज सव्वाशे वर्षांनंतरही ती पद्धत शिकविली जाते, यातच तिचे सामर्थ्य दिसते.

तथापि तिच्या संज्ञांची उणीवही तेवढीच स्पष्ट आहे. वर्गांक हे क्रमाचे चिन्ह असल्याने पहिल्यापेक्षा दुसरा आणि दुसऱ्यापेक्षा तिसरा अधिक गंभीर असा भास होतो. प्रत्यक्षात दुसरा व तिसरा हे एकाच रेषेच्या दोन विरुद्ध दिशा आहेत. शिवाय पहिला वर्ग म्हणजे निर्दोष तोंड, असाही समज होतो. तो तसा नाही. दाढांचा संबंध ठीक असून पुढचे दात वाकडेतिकडे असलेली तोंडेही पहिल्या वर्गातच मोडतात. त्यात भर म्हणजे ब्रिटिश मानक संस्थेच्या १९८३ च्या दंतपरिभाषेत पटाशीच्या दातांच्या संबंधावर आधारलेले वर्ग दिले असून त्यांनाही तेच अंक आहेत. त्यामुळे एकच तोंड दाढांच्या हिशेबाने पहिल्या वर्गात आणि पटाशीच्या दातांच्या हिशेबाने तिसऱ्या वर्गात पडू शकते. अंक सांगताना कशाचा अंक हे सांगितले नाही, तर वाक्य खरेही ठरते आणि खोटेही.

आणखी एक प्रश्न मूल्यनिर्णयाचा. अँगलच्या दृष्टीसमोर एक आदर्श होता : सर्व दात शाबूत, सर्व दात आपापल्या जागी. या आदर्शाला त्याने ‘नॉर्मल’ म्हटले आणि त्यापासून ढळलेल्या सर्व स्थितींना ‘मॅलऑक्लूजन’, म्हणजे वाईट मिटणी. पुढे १९७२ मध्ये लॉरेन्स अँड्र्यूज यांनी, ज्यांच्यावर दंतनियमनाचा उपचार झालेला नाही अशा १२० व्यक्तींच्या दातांचे साचे तपासून, उत्तम दंतसंबंधाची सहा लक्षणे सांगितली. त्यांच्याही निबंधाच्या शीर्षकात शब्द आहे ‘नॉर्मल’. परंतु हे साचे सरसकट लोकसंख्येतून घेतलेले नव्हते. उत्तम म्हणून निवडलेले होते. ‘नॉर्मल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. बहुसंख्यांत आढळणारे ते एक, आणि जसे असावे तसे ते दुसरे. आदर्शाला या शब्दाने संबोधले की तो बहुसंख्यांचा नियम असल्याचे भासते, आणि बहुसंख्य माणसे मात्र अपवाद ठरतात.

संज्ञा तीच राहून तिच्या पोटातील अर्थ उलटल्याचेही उदाहरण येथे सापडते. कवळी बसविताना जबड्याची जी आधारस्थिती घेतात तिला ‘सेंट्रिक रिलेशन’ म्हणतात. हा संबंध दातांचा नसून जबड्याच्या सांध्याचा आहे, म्हणून दात नसलेल्या तोंडातही तो घेता येतो. कृत्रिम दंतशास्त्राच्या पारिभाषिक कोशाच्या १९५६ च्या पहिल्या आवृत्तीत ही स्थिती खालच्या जबड्याच्या सर्वांत मागच्या स्थानावरून सांगितली होती. १९८७ च्या पाचव्या आवृत्तीत सांध्याचा गोलक खोबणीत पुढे व वर असण्याची स्थिती सांगितली गेली. मागचे स्थान पुढे आले, नाव मात्र तेच राहिले. १९६० च्या सुमाराचा आणि १९९० नंतरचा निबंध शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला शब्दसाम्याने दगा देण्याचा हा उघड प्रकार होय.

५. दंतोष्ठ्य ध्वनी आणि उसन्या संज्ञा

आता भाषाशास्त्राच्या अंगणातील प्रश्नाकडे वळू. पाणिनीय शिक्षेत ‘व’काराचे स्थान दात व ओठ असे दिले आहे. इंग्रजी ‘फॅन’मधील आद्य ध्वनी असाच दंतोष्ठ्य आहे, मराठीतील परंपरागत ‘फ’ मात्र दोन्ही ओठांचा महाप्राण स्पर्श होय, जरी आज पुष्कळ मराठी भाषक ‘फळ’ व ‘फूल’ या शब्दांतही दंतोष्ठ्य घर्षक उच्चारतात.

१९८५ मध्ये चार्ल्स हॉकेट यांनी असे सुचविले की, दंतोष्ठ्य ध्वनींचा प्रसार हा शेतीनंतरच्या मऊ अन्नाचा परिणाम असावा. कठीण अन्नाने दात झिजून धारेस धार येते; अशा तोंडात खालचा ओठ वरच्या दातांपर्यंत नेण्यास अधिक प्रयास पडतो. नृशास्त्रज्ञ लोरिंग ब्रेस यांनी यावर आक्षेप घेतला. युरोपात वरच्या दातांनी खालच्यांना झाकण्याची ठेवण सार्वत्रिक झाली ती गेल्या काही शतकांतच, असे त्यांचे मत होते. मग त्याहून कितीतरी जुन्या भाषांतील दंतोष्ठ्य ध्वनींचे कारण ती कसे ठरावे? पुढे २०१९ मध्ये दामियान ब्लासी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात हा विचार जैवयांत्रिक प्रतिकृती व जगातील भाषांची सामग्री यांच्या आधारे पुन्हा मांडला. वरचे दात किंचित पुढे व खालच्यांना झाकणारे असतील तर दंतोष्ठ्य उच्चारास स्नायूंचे श्रम सुमारे ३० टक्क्यांनी कमी पडतात, आणि शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांच्या भाषांत अशा ध्वनींचे प्रमाण अन्नोत्पादक समाजांच्या मानाने जवळजवळ चतुर्थांश आहे, असे त्यांचे निष्कर्ष आहेत.

या निष्कर्षांच्या सत्यासत्यतेचा निर्णय हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु त्यातून परिभाषेसंबंधी दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, ओव्हरबाइट व ओव्हरजेट यांची जोडी या चर्चेत एका दमात उच्चारली जाते. परंतु ओठाला किती उंच जावयाचे हे उभ्या मापावर व किती मागे जावयाचे हे आडव्या मापावर अवलंबून आहे. एखाद्या भाषकसमूहात यांपैकी एकच माप बदलले असेल, तर जोडशब्दाने तो भेद झाकला जाईल. दोन्ही मापे वेगळी घेतल्यावाचून या सिद्धांताची कसोटी पुरी होणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. धारेस धार ही ठेवण आजच्या दंतवैद्याच्या टिपणात दोष म्हणून नोंदली जाते. पण या सिद्धांतानुसार बालपणी वरचे दात पुढे व झाकणारे असणे हे सर्वच मानवसमूहांत आढळते. कठीण अन्नाने दात झिजत जाऊन प्रौढपणी धारा जुळतात. म्हणजे मानवाच्या इतिहासाच्या फार मोठ्या भागात प्रौढ माणसाची स्वाभाविक ठेवण तीच होती. ज्या तोंडांनी हजारो वर्षे कठीण अन्न यथास्थित चावले त्या तोंडांना ‘मॅलऑक्लूजन’ म्हणणे हे वर्णन नव्हे. ते एका विशिष्ट आहाराच्या काळाने दुसऱ्या काळावर केलेले शेरेबाजीचे लिखाण होय. संबंधाचे नाव आणि निर्णयाचे नाव एकच ठेवल्याचा हा परिणाम आहे.

६. मराठीतील शब्दसामग्री

मराठीत या विषयाची शब्दसामग्री अगदीच तुटपुंजी नाही, पण तिचा धर्म ओळखून ती वापरली पाहिजे. ‘दंतुर’ हा प्राचीन शब्द पाहा. पाणिनीने त्याच्या सिद्धीसाठी स्वतंत्र प्रत्यय सांगितला असून दात उन्नत असणे ही अट घातली आहे. परंतु उन्नत म्हणजे उंच, की पुढे आलेले? शब्द ते सांगत नाही. पुढे अर्थविस्तार होऊन ‘दंतुर’चा अर्थ खाचाखोचांचा असा झाला आणि आपल्या भूगोलाच्या पुस्तकांनी कोकणच्या किनाऱ्याला दंतुर म्हटले. किनाऱ्यासाठी शब्द उत्तम. दातांच्या मापासाठी आता निरुपयोगी.

लोकभाषेतील ‘दात पुढे असणे’ या प्रयोगाची अडचण निराळी आहे. त्यात दोष वरच्या दातांच्या माथी मारला जातो. परंतु तेच दृश्य खालचा जबडा मागे राहिल्यानेही दिसते. वाढत्या वयाच्या मुलीचे दात ‘पुढे आहेत’ एवढेच आईबापांना कळले, तर पुढचे दात मागे ओढणे हाच उपाय त्यांना दिसणार. खालच्या जबड्याच्या वाढीला वळण देण्याचे काही उपाय वाढीच्या वयातच लागू पडतात, हे त्या शब्दांतून सूचित होत नाही. येथे शब्दाची चूक ही केवळ शब्दाची राहत नाही.

‘बाइट’साठी ‘दंश’ हा प्रतिशब्द चटकन सुचण्यासारखा आहे. तो टाळावा. एक तर मराठीत दंश हा सापाचा, विंचवाचा. शिवाय मराठी ‘चावणे’ हे क्रियापद कुत्र्यालाही चालते आणि घासालाही. इंग्रजीतील पुढच्या दातांचे तोडणे व मागच्या दाढांचे चर्वण हा भेद त्यात नाही. गंमत अशी की, आपला ‘दाढ’ हा शब्दच ‘दंश्’ धातूपासून झालेल्या ‘दंष्ट्रा’चा वंशज आहे, पण संस्कृतातील दंष्ट्रा फाडणारी, आणि मराठीतील दाढ दळणारी. ज्या धातूचा अर्थ आपल्या भाषेने एकदा मागे टाकला, तो परिभाषेसाठी ओढून आणण्यात स्वारस्य नाही.

यास्तव पुढील योजना विचारार्थ मांडतो. सर्वसामान्य संज्ञा ‘दंतसंबंध’ असावी आणि प्रत्यक्ष भेटीच्या घटनेला ‘दंतस्पर्श’ म्हणावे. शिक्षाकारांच्या ‘स्पर्श’ संज्ञेशी या शब्दाचे नाते राहील. ओव्हरबाइटला ‘उभे आच्छादन’ व ओव्हरजेटला ‘आडवे अंतर’ म्हटले, तर दिशा शब्दातच येते आणि पुढे धन, ऋण वा शून्य असे विशेषण लावता येते. त्यायोगे ओपन बाइट हे ऋण उभे आच्छादन व अंडरबाइट हे ऋण आडवे अंतर ठरून वर दाखविलेली खोटी सममिती आपोआप नाहीशी होते. शून्य स्थितीला ‘धारेस धार’ हा घरगुती शब्द पुरेसा आहे. क्रॉसबाइटसाठी ‘व्यत्यस्त संबंध’ म्हणून कोणत्या दातांचा ते पुढे सांगावे. वर्गांक ठेवावयाचा झाल्यास ‘दाढवर्ग’ व ‘पटाशीवर्ग’ असा उल्लेख अनिवार्य करावा.

या योजनेवर दोन आक्षेप संभवतात. एक असा की, दंतवैद्यकाचे उच्च शिक्षण इंग्रजीतून होत असता हा खटाटोप कशासाठी? उत्तर असे की, परीक्षा इंग्रजीत होते, पण रुग्णाची संमती मराठीत घ्यावी लागते. आणि ज्या शब्दाचा अर्थ वैद्य व रुग्ण निरनिराळा समजतात त्या शब्दावर घेतलेली संमती अर्धीच असते. दुसरा आक्षेप, हे शब्द लांबट आहेत. तो मान्य आहे. परंतु परिभाषेत आखूडपणा हा सोयीचा गुण आहे, आणि दिशा व आधारबिंदू सांगणे हा तिचा धर्म आहे. दोहोंत विरोध आला असता सोयीने मागे सरावे.

मूल्यवाचक संज्ञेविषयी शेवटी एकच सूचना. ‘सदोष’ व ‘निर्दोष’ ही विशेषणे संबंधाच्या नावात गोवू नयेत. प्रथम मापे सांगावीत. मग चर्वण, उच्चार, हिरड्यांचे स्वास्थ्य किंवा रुग्णाची इच्छा यांपैकी कोणत्या कारणाने उपचार हवा ते वेगळ्या वाक्यात लिहावे. असे केले म्हणजे झिजलेल्या दातांची प्राचीन कवटी, धारेस धार असलेला आजचा प्रौढ आणि दवाखान्यात आलेले मूल या तिघांचे वर्णन एकाच परिभाषेत करता येईल, आणि त्यांपैकी उपचाराची गरज कोणाला आहे हा प्रश्न शब्दाने आधीच निकालात काढलेला नसेल.